पिकअपची वही

गाडी द्यायची ठरली त्या रात्री मी वही काढली. वही दुधाच्या हिशेबाची, पण उलटी करून मागच्या बाजूनं गाडीचा खर्च लिहिलेला. सोळा वर्षांचा. पहिलं पान नीट अक्षरात, तारखेसकट. नंतर नंतर नुसतं 'क्लच ३४००', 'पाटा ९००', 'सेल्फ परत'. हे 'परत' फार ठिकाणी होतं.

थोरल्यानं मोबाईलवर बेरीज केली आणि गप बसला. मी विचारलं, "किती?"

"पाच लाख अडतीस हजार, नाना. डिझेल सोडून."

गाडी घेतली होती सव्वाचार लाखाला.

आतून आवाज आला, "एवढ्यात दुसरी आली असती." मंडळींचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसरी गाडी घ्यायला पैसे एकदम लागतात, आणि शेतकऱ्याच्या हातात एकदम पैसे येतात कधी? दुरुस्ती तशी नसते. ती दोन हजार आज मागते, पंधराशे पुढच्या महिन्यात. मिस्त्री म्हणतो, राहू द्या, कांदा विकल्यावर द्या. असं करत करत माणूस एका गाडीच्या पैशात सव्वादोन गाड्या घेऊन बसतो आणि दारात उभी एकच असते, तीही धक्का मारल्याशिवाय चालू न होणारी.

गाडी २००८ साली घेतली. त्याआधी आमचा कांदा भाड्याच्या ट्रॅक्टरनं लासलगावला जायचा. आण्णांच्या काळात बैलगाडी होती. रात्री जेवून निघायचं, गाडीच्या साट्याखाली कंदील टांगलेला, पहाटे मार्केटात नंबर लावायचा. आमच्या गावाहून लासलगाव चौदा किलोमीटर. आण्णा म्हणायचे, बैलांना रस्ता पाठ होता, आम्ही झोपूनच जायचो. नवी पिकअप आली तेव्हा पहिल्या खेपेला ते पुढं बसले. सगळा रस्ता एक हात समोरच्या डॅशबोर्डवर दाबून धरलेला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवावा. मार्केटात उतरल्यावर म्हणाले, "आलो पण?" त्यांना वाटलं मधेच कुठंतरी थांबलोय.

पहिल्या हप्त्याचे पैसे मंडळींची पोत गहाण ठेवून उभे केले होते. ती पोत सुटायला तीन वर्षं लागली. हे वहीत लिहिलेलं नाही.

ज्यांनी लासलगावचं मार्केट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाड्या ओळीनं लागतात, व्यापारी ओळीतून चालत येतात, मूठभर कांदा उचलतात, चोळतात, बोली होते, मिनिटभरात भाव फुटतो. वर्षभराची मेहनत त्या मिनिटात. मग गाडी भुईकाट्यावर. भरलेलं वजन झालं की व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायची, परत येऊन रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हीतला फरक म्हणजे आपला माल. नवी असताना माझी गाडी रिकामी सोळाशे ऐंशी किलो भरायची. शेवटी शेवटी सतराशे साठ. काट्यावरचा पोरगा चेष्टा करायचा, "नाना, गाडी खातेय काय?" खात नव्हती, पण हौद्याला खालून दोनदा पत्रा मारलेला, फाळक्याला चॅनल लावलेलं, पाट्यात दोन पानं जास्तीची घातलेली. ऐंशी किलो नुसती दुरुस्ती घेऊन फिरत होतो.

जास्तीची पानं का, तर आम्ही माल तसा भरायचो. कागदावर सव्वा टनाची गाडी, आम्ही पंचवीस क्विंटल टाकायचो. सगळेच टाकतात. खेप वाचते, डिझेल वाचतं. ते वाचलेलं डिझेल नंतर क्लचप्लेट, क्रॉस, बेअरिंग यांच्या रूपानं वसूल होतं हे मला बेरीज केल्यावर कळलं.

आमचा मिस्त्री फाट्यावरचा. शिक्षण माझ्याहून कमी, पण कान असा की गाडी वळणावर असतानाच सांगायचा, "नाना, मागचं डावं बेअरिंग." गाडी थांबायच्या आत पाना हातात. त्यानं बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑईलपेंटनं स्वतःचा मोबाईल नंबर लिहून ठेवला होता. मी म्हणालो, मला पाठ आहे की. तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही. रात्री-अपरात्री दुसऱ्या कुणी उघडलं तर." दोनदा इंजिन उतरवलं त्यानं. एकदा हेड गॅस्केट गेलं तेव्हा आण्णांना नाशिकला दवाखान्यात न्यायचं होतं. मिस्त्रीनं स्वतःची मोटरसायकल कुणाला तरी देऊन मनमाडहून गॅस्केट मागवलं आणि पहाटे तीनला गाडी चालू करून दिली. आण्णा त्या दवाखान्यातनं परत आले, पुढं वर्षभर होते.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहू का नको म्हणून हे पान बरेच दिवस तसंच ठेवलं होतं.

२०१८चा डिसेंबर. कांदेवाल्यांना तो महिना सांगायला नको. चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा दिवाळीनंतर काढला तर त्याला कुणी विचारीना. माझी एक खेप दोनशे दहा रुपये क्विंटलनं गेली. डिझेल, हमाली, तोलाई वजा जाता हातात जे आलं त्यात पोरानं चहा पिऊ का म्हणून विचारलं तर मी नको म्हणालो. त्याच आठवड्यात मिस्त्रीनं सांगितलं होतं, मास्टर सिलिंडर गेलाय, मागचा व्हील सिलिंडर गळतोय, ब्रेकचं काम करून घ्या. चार हजार खर्च. मी म्हणालो, पंधरा दिवस काढू. तोवर ऑईल टाकत राहू. तो म्हणाला, "नाना, ब्रेकला उधारी नसते. पैसे नका देऊ, पण काम करून घ्या." मला लाज वाटली. आधीचेच सहा हजार द्यायचे होते. मी गाडी घेऊन निघून आलो.

त्याच दिवसांत पुढच्या कांद्याची लागवड चालू होती. शेजारच्या गावच्या बाया आणायच्या, संध्याकाळी सोडायच्या. हौद्यात माणसं बसवू नयेत हे मला ठाऊक होतं, पोलिसांनाही ठाऊक होतं, बायांनाही. पण लागवडीच्या दिवसांत दुसरं काय वाहन असतं?

सकाळी साडेसातची वेळ. अकरा बाया आणि एक लहान पोर. ओढ्याच्या पुलाकडं उतार आहे. पायडल दाबलं आणि ते खाली गेलं ते वर आलंच नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पुलाच्या तोंडाशी समोरून उसाची ट्रॉली. मी गियर खाली टाकला, इंजिन ओरडलं, हातब्रेक ओढला आणि डाव्या अंगाला नांगरटीत गाडी घातली. ढेकळांनी गाडी धरली. मोजलं तर हे सगळं आठ-दहा सेकंदांचं असेल.

मागं बाया एकमेकींवर पडलेल्या. पोर रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. एका म्हाताऱ्या मावशीचा हात मनगटातून मोडला. मी त्यांना दवाखान्यात नेलं, प्लास्टर केलं, दीड महिन्याची मजुरी घरी नेऊन दिली. त्यांच्या घरच्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट म्हणाले, नानांनी प्रसंग ओळखून गाडी वळवली म्हणून वाचलो. गावात माझं कौतुक झालं. ब्रेक आधीच गेला होता आणि मला ते माहीत होतं, हे फक्त मिस्त्रीला माहीत होतं. त्यानं त्याच दिवशी संध्याकाळी येऊन काम केलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या विषयावर तो आजपर्यंत बोललेला नाही.

पुढच्या हंगामात मी बायांसाठी भाड्याची रिक्षा लावली. मावशीपण आल्या, पण रिक्षात बसेनात. म्हणाल्या, "नाना, तुम्ही चला पुढं. मी चालत येते." साडेतीन किलोमीटर.

वहीत त्या तारखेला 'ब्रेक' एवढाच शब्द आहे, समोर रक्कम नाही.

त्यानंतरही गाडी सहा वर्षं चालली. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. पंधरा वर्षं झाल्यावर तर पासिंगची फी ऐकून एजंटालाच म्हणालो, तूच घे गाडी. २०२२ साली ग्रीसिंग करताना मिस्त्रीला केबिनच्या मागं चेसिसला चीर दिसली. केसाएवढी. त्यानं वेल्डिंग करून आतून पट्टी मारली, वर काळा रंग दिला. म्हणाला, "धकेल. पण आता पंचवीस क्विंटल नको." त्यानंतर मी पंधराच्या वर कधी गेलो नाही.

२०२४च्या दसऱ्याला थोरल्यानं नवी गाडी ठरवली. जुनी देऊन नवी. शोरूमच्या आवारात एक पोरगा आला, पंचविशीचा, हातात मोबाईल. चारी बाजूंनी फोटो काढले, बॉनेट उघडलं, टायरात नख रुतवून पाहिलं, एक चक्कर मारून आला. विचारलं, इंजिनकाम झालंय का? झालंय. अपघात? मी थोरल्याकडं पाहिलं. तो म्हणाला, नाही. चेसिसचं त्यानं विचारलं नाही. खाली वाकून बघितलं असतं तर दिसली असती पट्टी. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता.

एक लाख पस्तीस हजार लावले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पंधरा-वीस हजार कमी झाले असते, आणि नव्या गाडीचा हप्ता थोरल्याच्या डोक्यावर. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. सह्या करताना हात थरथरला म्हणून त्या पोरानं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय. तोही अडकला होता, नाही असं नाही.

नवी गाडी मिस्त्रीला दाखवायला नेली. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं, बंद केलं. बीएस-६ गाडी, सगळीकडं वायरी आणि सेन्सर. "हिला स्कॅनर लागतो, नाना. हिच्यात माझं काय काम? हवा-पाणी बघायला आणत जा." पेढा घेतला, पण खाल्ला नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. नातवासाठी असेल.

जानेवारीत लाल कांदा घेऊन लासलगावला गेलो. ओळीत गाडी लावून उतरलो तर तीन गाड्या पलीकडं आपली. रंग नवा मारलेला, मागचं 'मातोश्री' पुसलेलं, पण फाळक्याचं चॅनल माझंच. फाळक्यावर हात ठेवला तसा एक तरणा पोर पुढून आला. चांदवडकडचा होता. दिवाळीत घेतली म्हणाला, एक लाख ऐंशीला. हौद्यात कांद्याच्या कडेला पाण्याचे दोन ड्रम, खुरप्यांचं पोतं आणि डब्यांच्या पिशव्या कोंबलेल्या. पिशव्या बायांच्या होत्या, ओळखायला येतात.

मी म्हणालो, "पोरा, ही गाडी माझी होती. केबिनच्या मागं चेसिसला—"

"पट्टी मारलीय. माहितीय, बाबा."

"कुणी सांगितलं?"

"बॉनेटमधे नंबर होता. सेल्फ घेईना म्हणून लावला. ते मिस्त्री म्हणले, फोनवर नको, एकदा गाडी घेऊन ये. गेलो तर खाली झोपून बॅटरी मारून दाखवली. पंधरा क्विंटलच्या वर भरू नको म्हणले. आणि मागं माणसं बसवू नको म्हणले."

"मग?"

त्यानं पिशव्यांकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. "लागवडीचे दिवस आहेत, बाबा. रिक्षा परवडत नाही."

मला यावर बोलायला तोंड नव्हतं. त्याला म्हणालो, जरा दार उघड. त्यानं उघडलं. मी आत बसलो, सीटचा कोपरा तसाच फाटलेला, आणि ब्रेकचं पायडल दोनदा दाबून पाहिलं. कडक होतं. तिसऱ्यांदा पाय तसाच दाबून धरला, गळत असेल तर हळूहळू खाली जातं म्हणून. गेलं नाही.

तेवढ्यात आमच्या ओळीत व्यापारी आले आणि थोरला हाका मारायला लागला.