वहीतला फोटो

१९६५च्या युद्धात आपल्या सैन्याने लाहोर जिल्ह्यातले बरकी घेतले. ताब्यात आलेल्या तिथल्या पोलीस ठाण्यासमोर उभ्या असलेल्या आपल्या जवानांचा फोटो मी कापून वहीत चिकटवला होता. पुढे शिक्षक झाल्यावर इतिहासाच्या तासाला ती वही मोठ्या अभिमानाने वर्गात फिरवत असे.

निवृत्तीनंतर नातवाने संगणकावर दुसरा फोटो दाखवला. राजस्थानातले आपले मुनाबाव रेल्वे स्टेशन आणि तिथे उभे पाकिस्तानी सैनिक. युद्ध तेच, उभे राहण्याची ऐटही तीच. मी गप्पच झालो. हे स्टेशन त्यांच्या ताब्यात गेले होते, हे मी एकाही वर्गाला सांगितले नव्हते. कारण मलाच ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी कधी शोधलेही नव्हते.

१० जानेवारी १९६६ला ताश्कंद करार झाला. फेब्रुवारीअखेर दोन्ही सैन्ये मागे आली. बरकी त्यांना परत मिळाले, मुनाबाव आपल्याला. दोन्हीकडे गेलेली माणसे तेवढी परत आली नाहीत.

मी मुलांना खोटे शिकवले नाही, पण अर्धेच शिकवले. दुसरा फोटो छापून घेऊन वहीत समोरच्या पानावर चिकटवला आहे. दाखवायला आता वर्ग मात्र नाही.