मुझप्पिलंगाड : गाडी थेट लाटांपर्यंत

"गोव्यात राहता आणि समुद्र बघायला केरळात जाता?" निघण्याआधी निदान दहा जणांनी विचारलं. गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी नेणं बेकायदेशीर आहे, आणि ते योग्यच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वरून चाक गेलं की घरटं संपलं. पण आईचे गुडघे दुखू लागल्यापासून तिला मऊ वाळूतून चालवत नाही. फोंड्यापासून समुद्र तासाभरावर, तरी चार वर्षांत तिचे पाय पाण्याला लागले नव्हते.

म्हणून मंगळुरूला मुक्काम करून आम्ही कण्णूर आणि तलश्शेरीच्या मधल्या मुझप्पिलंगाडला गेलो. तिथे सुमारे चार किलोमीटर किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी आहे. समुद्रातले काळे खडक लाटांचा जोर मोडतात, त्यामुळे पाणी उथळ राहतं आणि बारीक वाळू घट्ट बसते. दक्षिणेला धर्मडम बेट दिसतं.

आमची गाडी रोजचीच, जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर. बाजारहाट आणि मुलांची शाळा हेच तिचं काम. चारही चाकांना जोर मिळतो, पण ती रणगाडा नव्हे. कोरड्या वाळूत चारही चाकं जागच्या जागी फिरली तर गाडी जास्तच रुतते. खरा आधार ओल्या वाळूचा. कणांमधलं थोडं पाणी त्यांना धरून ठेवतं. पार कोरडी किंवा पाण्याने भरलेली वाळू मात्र दगा देते.

पत्नीने ओहोटीची वेळ आधीच पाहून ठेवली होती. उतारावरची वाळू मऊ होती, म्हणून टायरची हवा ३२ वरून २४ वर आणली. टायर पसरला की वजन विभागलं जातं. नॉब 'लॉक'वर, दुसरा गिअर, एकसारखा वेग. झटक्याने वळण नाही, जोरात ब्रेक नाही. ओल्या पट्ट्यावर आल्यावर गाडी डांबरी रस्त्यासारखी पळू लागली. लोक आणि मुलं खेळत असल्याने आम्ही हळूच चालवली.

पाण्यापासून दहा पावलांवर थांबलो. आईने दार उघडलं, माझा हात धरला आणि चपला काढून पाण्यात उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, वाळू पायाखालून सरकते ना, ते मी विसरलेच होते."

ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती येते. आईला आणखी थांबायचं होतं. पण खडकांभोवती पाणी चढू लागलं तेव्हा पत्नीने घड्याळ दाखवलं आणि आई मुकाट्याने गाडीत बसली. वर आल्यावर छोट्या पंपाने हवा भरली, आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी खालून धुतली. खारं पाणी लोखंड खातं.

जाणार असाल तर पावसाळा टाळा, त्या दिवशी प्रवेश सुरू आहे का हे विचारा, आणि कोरड्या वाळूत शिरू नका. घरात चालता न येणारं कुणी असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा.