यंत्राची दोन अक्षरे

आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र मोठे सत्यवादी आहे. काही अडले, की ते काम थांबविते आणि आपल्या इवल्याशा पटलावर दोन अक्षरे उमटविते. ‘आय ई’ म्हणजे पाणी आत येत नाही. ‘ओ ई’ म्हणजे पाणी बाहेर जात नाही. ‘डी ई’ म्हणजे दार नीट लागलेले नाही. आणि ‘यू ई’ म्हणजे कपडे एका बाजूस गोळा होऊन तोल गेला आहे. प्रत्येक कारखान्याची अक्षरे निराळी असतात. म्हणून यंत्राची पुस्तिका जपून ठेवावी.

एकदा ‘ओ ई’ उमटले. नात म्हणाली, “आजोबा, बंद करून पुन्हा चालू करू या. अक्षरे जातील.”

“अक्षरे जातील, पण पाणी जाईल का?” मी विचारले.

आम्ही प्लग काढला. पाणी गरम नाही, हे पाहून ते परातीत काढून घेतले आणि खालची गाळणी उघडली. आत धाग्यांचा पुंजका होता आणि त्यात एक रुपयाचे नाणे!

“ते माझ्या खिशातले,” ती हळूच म्हणाली. गाळणी धुऊन बसविताच पाणी वाहू लागले.

मुलांनो, मी अनेक वर्षे शाळेत शिकविले. गणित न समजताही ‘समजले’ म्हणणारी मुले मागे राहत. कोठे अडले, हे जो सांगतो, त्याची अडचण निम्मी दूर झालीच म्हणून समजा. उरलेली निम्मी मात्र गाळणी उघडून पाहिल्यावाचून दूर होत नाही.