मानेतली काळी गादी

"डॉक्टर, मानेतली गादी काढली, पण ती कोळशासारखी काळी आहे. पेशंटला लघवीच्या रंगाबद्दल कधी विचारलं होतं का?" नांदेडहून सर्जनचा फोन होता. मी गप्प झालो. विचारलं नव्हतं.

वसमतकडचे हे हळद पिकवणारे शेतकरी, वय ४६. कंबर आणि मान धरते म्हणून दहा वर्षं माझ्याकडे येत. "ओझी उचलता, मणके झिजलेत," असं सांगून मी गोळ्या देत राहिलो. मग शर्टाची गुंडी लागेना, चालताना तोल जाऊ लागला. एमआरआय केला, तर गादी मज्जारज्जूवर दाबत होती.

नंतर त्यांच्या आईला विचारलं. "लहानपणी ह्याची दुपटी काळी पडायची. साबण लावला की आणखीच. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, तसंच काही वाटलं."

या दुर्मिळ आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया. प्रथिनांमधल्या टायरोसिनचं पचन पूर्ण करणारं एक एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. त्यामुळे होमोजेंटिसिक आम्ल साठतं. काही लघवीतून जातं आणि हवा लागली की काळं पडतं. उरलेलं कूर्चेत आणि मणक्यांच्या गाद्यांत मुरतं. गादी ठिसूळ होते, झिजते. बहुधा कंबर आधी धरते. मानेत एवढा त्रास कमी जणांना होतो.

आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. यांचे आईवडील आते-मामे भावंडं. नात्यातल्या लग्नांशी असलेला हा संबंध इंग्लिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ सालीच मांडला होता.

ऑपरेशनने मज्जारज्जूवरचा दाब निघतो, मूळ आजार जात नाही. आम्ल कमी करणारं निटिसिनोन हे औषध युरोपात २०२० पासून प्रौढांसाठी मंजूर आहे. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

तुम्ही एवढं लक्षात ठेवा. ठेवलेली लघवी काळी पडत असेल, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंवा कानाच्या पाळीवर काळपट-निळसर छटा असेल, तर डॉक्टरांना सांगा. मानदुखीबरोबर हाताची पकड सुटत असेल, पाय अडखळत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, तर मालिश किंवा मान मोडून घेणं नको, लगेच दाखवा.

आता त्यांच्या बोटांत बरीच ताकद आली आहे. सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता चारात एक, म्हणून धाकट्या भावालाही बोलावलं. त्याचीही कंबर दुखते. त्याची लघवी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवली. सकाळी ती काळी झाली होती. या वेळी मी विचारलं होतं.