बर्फ आत, वाट बाहेर

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या एका कोल्ड स्टोअरेजची देखभाल माझ्याकडे होती. आत कायम उणे 20 अंश. त्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात छताला बर्फ धरायला लागला. दर सोमवारी आमचे हेल्पर काका शिडीवर चढून तो फोडायचे आणि शनिवारपर्यंत पुन्हा तेवढाच धरायचा. "साहेब, हा असा जायचा नाही," काका म्हणायचे. एक घनमीटर बर्फाचं वजन 900 किलोच्या वर भरतं, आणि त्याच छताखाली माणसं राबत होती. मला झोप लागत नव्हती.

सगळ्यांचा संशय दारावर. गॅस्केट बदललं, पट्ट्यांचा पडदा नवा लावला. बर्फ तसाच.

शेवटी थर्मल कॅमेरा भाड्याने आणला. आधी आतून पाहिलं, तर सगळं एकाच रंगाचं. कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, आणि इथे बर्फ नि पॅनेल सारखेच गार होते.

बाहेर आलो तर लेन्सवर लगेच दव धरलं. ते सुकू दिलं आणि छताच्या वर, पत्रा आणि पफ पॅनेलमधल्या पोकळीत शिरलो. पॅनेलचा वरचा भाग 30 अंशांच्या आसपास, स्क्रीनवर नारिंगी. त्यात मधेच एक गडद निळा डाग: 13 अंश. हात लावला, तर ओलाचिंब. दिव्याची केबल जिथून खाली सोडली होती, तिथलं भोक नीट बुजवलेलंच नव्हतं. दमट हवा तिथून आत शिरत होती आणि तिच्यातली वाफ छताला गोठत होती. भोकाजवळचा फोम काढून दाबला, तर पाणी निथळलं. भिजलेला फोम थंडी धरून ठेवत नाही, म्हणून दुखणं वाढतच होतं.

असं भोक आतून बुजवलं तर वाफ फोममध्येच अडकते. आम्ही ओला भाग कापून काढला, नवा फोम भरला आणि बाष्परोधक थर वरून, म्हणजे उबदार बाजूने लावला. त्यानंतरच्या सोमवारी काका शिडी घेऊन गेले आणि तशीच परत घेऊन आले.

कोल्ड स्टोअरेज सांभाळणाऱ्यांना एकच विनंती: पाऊस लागण्याआधी, मे महिन्यातच, छत, सांधे आणि केबलची भोकं कॅमेऱ्याने बाहेरून तपासून घ्या.