वाऱ्याचे फडके

गाडी धुऊन झाली की गिऱ्हाईक समाधानाने खिशात हात घालते. जाणत्या माणसाच्या लेखी मात्र काम तेव्हा निम्मेच झालेले असते. टपावरचे आणि काचांवरचे पाणी निथळून जाते, उरलेले फडक्याने टिपता येते. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाणी मात्र आत दडून बसते: बाजूच्या आरशांच्या पोटात, दारांच्या मुठींखाली, पेट्रोलच्या झाकणाआड, नंबरपाटीच्या मागे, चाकांच्या नटांच्या खळग्यांत. गाडी रस्त्याला लागून वेग घेऊ लागली की हे दडलेले पाणी ओघळते आणि नुकत्याच पुसलेल्या रंगावर मळकट रेघा ओढते. लातूर शहराच्या कडेला, औसा रस्त्यावर वॉशिंग सेंटर चालवणारा तो गृहस्थ हे अनुभवाने जाणून होता. म्हणून सर्वांत शेवटी तो फडके खांद्यावर टाकी आणि हवेची बंदूक हाती घेई. गिऱ्हाइकांच्या भाषेत याला 'हवा मारणे' म्हणत.

हवेशी त्याची ओळख फार जुनी होती. त्याचे वडील गावी लोहारकाम करीत, आणि तो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून भाता ओढीत असे. कातड्याचा तो भाता श्वास घेई, सोडी, आणि निखाऱ्यावरची राख उडून तांबडा डोळा उघडे. पुढे ट्रॅक्टर आले, औते तयार मिळू लागली, भाता विझला. मुलगा शहरात आला, गॅरेजात राबला आणि अखेर त्याने स्वतःचा रॅम्प बांधला. तेथे कोपऱ्यात जो कॉम्प्रेसर बसवला, तो त्याला भात्याचाच वंशज वाटे. फरक एवढाच की भाता हवा ढकलत असे आणि हे यंत्र ती कोंडून ठेवीत असे. आपल्या अंगावर समुद्रसपाटीला दर चौरस इंचामागे सुमारे १४.७ पौंड भार टाकणारी ही हवा. तिला पंप टाकीत दाबदाबून भरतो, आणि काटा सव्वाशे पौंडांवर गेला की एकाच्या जागेत जवळजवळ नऊ-साडेनऊ पट हवा दाटीवाटीने बसलेली असते. बंदुकीचा घोडा ओढताच तिला वाट मिळते, आणि ती जी धावते ती वाटेतले सगळे घेऊन धावते.

पुष्कळांची समजूत अशी की ही हवा पाणी वाळवते. वस्तुतः ती पाणी वाळू देत नाही. वाळण्याआधीच त्याला हुसकून लावते. मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड. त्याचा थेंब रंगावर वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. काळ्या गाडीवर तर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळीच उमटते. ती घासून काढावी तर रंगावर ओरखडे येतात. म्हणून थेंब थेंब असतानाच त्याला धक्का द्यायचा. त्याची रीत ठरलेली होती. आरंभ टपापासून, शेवट चाकांशी. कारण वरचे पाणी खालीच येणार. बंदुकीचे तोंड रंगाला कधी टेकवायचे नाही. वीतभर अंतरावर आणि तिरके धरायचे. समोरासमोर धरले तर पाणी रबराच्या आत घुसते, तिरके धरले तर फटीतून बाहेर येते. आरशाच्या कडेने हवा फिरवली की आतून पाण्याची एक पिचकारी उडे, आणि ती पाहून लहान मुलासारखे हसू त्याच्या चेहऱ्यावर येई.

गाडीच्या अंतरंगात तर हवेला आणखी मान होता. आसनांच्या शिवणी, आसने मागेपुढे सरकवण्याचे रूळ, थंड हवेच्या जाळ्या, गिअरच्या दांड्याभोवतीची चामडी घडी, अशा ठिकाणी ना बोट पोहोचते ना ब्रश. हवा पोहोचते. तेथून शेंगांची टरफले निघत, पार वाळून गेलेला हळदीकुंकवाचा पुडा निघे, एसटीचे तिकीट निघे, आणि एकदा एका लहान मुलीच्या कानातले सोन्याचे डूल निघाले. ते त्याने कागदात बांधून परत केले, तेव्हा त्या घरातल्या आजीने त्याला चहाला थांबवून घेतले होते. माणसांच्या प्रवासाचा हा गाळ पाहत त्याची वर्षे चालली होती.

मग २०१६ साल उजाडले. लातूरकरांना त्या उन्हाळ्याची आठवण करून द्यावी लागत नाही. शहराची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे पडले. टँकरभोवती आणि टाक्यांभोवती भांडणे होऊ लागली, तेव्हा जमावबंदीचा हुकूम निघाला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. तेलवाहू वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने स्वच्छ करून घेतल्या होत्या, आणि १२ एप्रिलच्या पहाटे पहिली 'जलदूत' पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ज्या वाघिणींनी पाणी आणले त्यांना धुवायला वाफ मिळाली, एवढे वाचून तो वर्तमानपत्र घडी करून ठेवी. त्याची बोअर फेब्रुवारीतच आटली होती. टँकर विकत घेऊन गाड्या धुणे त्याला शक्य होते. काही जण तसे करीतही होते. परंतु शेजारच्या गल्लीत घागरींची रांग रात्रभर सरकत असताना मोटारीच्या टपावर पाणी ओतावे, हे त्याच्या हातून होईना. त्याने रॅम्पला साखळी लावली.

उरला तो कॉम्प्रेसर. वीज असे, हवा तर फुकटच होती. फक्त हवेने गाडी स्वच्छ करून देतो, असे त्याने एका पुठ्ठ्यावर लिहून लावले. गाड्या येऊ लागल्या, कारण धुळीला दुष्काळ नव्हता. पावसाविना फुटलेल्या काळ्या जमिनीची पीठासारखी माती सगळ्या शहरावर बसली होती. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे रंगावर वाळूचा कागद फिरवणे. त्यापेक्षा हवेने ती आधी उडवून द्यावी हे तंत्राच्या दृष्टीनेही योग्यच होते. हाताखाली थोरल्या बहिणीचा मुलगा होता, अठरा वर्षांचा. गावाकडे दोन हंगाम वाया गेले म्हणून बहिणीने त्याला मामाच्या स्वाधीन केले होते. बंदूक तोच चालवी. घोडा ओढला की गाडीभोवती काळसर ढग उठे. तो विरला की आतून स्वच्छ गाडी प्रकट होई. गिऱ्हाईक खूश होई. संध्याकाळी पोरगा रुमालात नाक शिंकरी, तेव्हा रुमाल काळा होई.

या ढगाकडे सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अभियंत्याने पाहिले होते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. धूळ उडाली खरी; पण उडून पुन्हा तेथेच बसली. ही हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असे त्याच्या मनात आले. एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल पसरला, त्यावर तोंड टेकवले आणि जोराने हवा ओढली. ठसका लागून तो बेजार झाला, परंतु रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. त्या डागातून धूळ ओढून घेणारे यंत्र जन्माला आले. गादीतली धूळ अखेर कोणाच्या तरी छातीत जाते, हे त्याने स्वतःच्या ठसक्याने सिद्ध केले होते.

मराठी भाषेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक असावा. आपण पाप धुतो आणि जबाबदारी झटकतो. धुण्यात मळ पाण्याबरोबर जातो. तो नाल्यात गेला तरी त्याची वाट डोळ्यांसमोर असते, आणि गढूळ पाणी पाहून माणसाला थोडी लाज तरी वाटते. झटकण्यात मळ नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. गाडीवरून उठतो आणि झटकणाऱ्याच्या, किंवा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसतो. त्या उन्हाळ्यात कितीतरी मोटारी स्वच्छ झाल्या. त्यांच्यावरची धूळ कोठे गेली, हा प्रश्न मात्र रॅम्पवर कोणी विचारला नाही.

तो प्रश्न त्याच्यापुढे आला तो रात्री. पत्र्याच्या खोलीत मामा-भाचे शेजारी निजत. मे महिन्यात पोराला खोकला लागला, आणि तो जाईना. कोरडा, खोलातून येणारा, दोन उसळ्या मारून थांबणारा. अंधारात पडल्या पडल्या मामाला वाटले, हा आवाज आपण पूर्वी ऐकला आहे. वडिलांच्या अखेरच्या वर्षांत घरात हाच आवाज होता. चाळीस वर्षे निखारा फुलवणाऱ्या माणसाने राख आणि धूर किती गिळला, याचा हिशेब त्या घरात कोणी मांडला नव्हता. भाता ओढणारा मुलगा तर निखाऱ्याकडेच पाहत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी एक जुनी जीप आली. मालकाने सांगितले, चाके काढली आहेत तर ब्रेकच्या ड्रममधली धूळही हवेने उडवून टाका. पोरगा बंदूक घेऊन वाकला, आणि मामाने त्याचे मनगट धरले. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. लायनर झिजते तसे त्याचे सूक्ष्म तंतू ड्रममध्ये साठतात. हवेचा एक झोत त्यांना श्वासाच्या उंचीवर आणून ठेवतो. छातीत गेलेला तंतू विरघळत नाही, आणि त्याने दिलेला आजार उघड व्हायला कैक दशके लागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या प्रकरणात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचे निर्देश कारखान्यांना दिले. चाळीस वर्षे, कारण आजार तितका वाट पाहतो. पण रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या पोराची नोंद कोठल्याच वहीत नसते. ज्याने ही बंदूक त्याच्या हाती दिली, तोच त्याची वही.

"मामा, एवढ्याशा धुळीनं काय होतंय?" पोराने विचारले.

"तुझा आजाबी असंच म्हणायचा," एवढेच मामा बोलला. ड्रम त्याने स्वतः ओल्या फडक्याने पुसले. त्यासाठी पिण्याच्या माठातले तांब्याभर पाणी खर्ची पडले, आणि त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होते.

त्यानंतर सेंटरवर काही नियम आले. जुन्या बाजारातून त्याने धूळ ओढणारे एक यंत्र आणले. गाडीच्या आत आधी ते फिरवायचे, मग केवळ फटींपुरती हवा. टाकीवर दाब कमी करणारा कॉक बसवला. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत स्वच्छतेसाठी वापरायच्या हवेची मर्यादा तीस पौंडांखाली ठेवलेली आहे. फटीतला थेंब हुसकायला सव्वाशे पौंडांची गरज नसते, हे त्यालाही आता पटले. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर पट्टी, आणि वाऱ्याकडे पाठ. सगळ्यांत कडक नियम शेवटचा होता: कामावरून उठताना कपड्यांवरची धूळ बंदुकीने झटकायची नाही, आणि चेष्टेतही ती कोणाच्या अंगावर धरायची नाही. अशा चेष्टेत आतडी फाटून माणसे दगावल्याच्या बातम्या या देशात वारंवार आल्या आहेत. दाबलेल्या हवेला चेष्टा कळत नाही.

कामाला वेळ अधिक लागू लागला, आणि काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्याने पैसे वाढवले नाहीत, आणि कोणाला कारणही सांगितले नाही.

जूनच्या आरंभी, आभाळ नुसतेच भरून येत असता, एके संध्याकाळी पोराने टाकीच्या तळाची चावी उघडली. हे रोजचेच काम होते. हवा दाबली की तापते, टाकीत निवते, आणि निवताना तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी जमते. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते. उन्हाळाभर चावीतून चमचाभर तांबूस थेंब येत. त्या दिवशी फुलपात्रभर पाणी फसफसत बाहेर आले. पोरगा पाहत राहिला.

"मामा, हवेतबी पाणी असतंय व्हय?"

"असतंय की. म्हणून तर पाऊस पडतो."

ते पाणी गंजाचे आणि तेलाचे होते. ना पिण्याजोगे, ना झाडाला घालण्याजोगे. पोराने ते उभे राहायच्या जागेवर शिंपडले. हातभर जागेतली धूळ बसली.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. बोअरला पाणी आले, रॅम्पची साखळी निघाली, गाड्या पुन्हा फेसात न्हाऊ लागल्या. पोराचा खोकला दिवाळीच्या सुमारास उतरला. पुठ्ठ्यावरची पाटी मामाने काढून टाकली. नियम मात्र राहिले. आजही तेथे गाडी धुऊन झाली की आरशाच्या पोटातून पाण्याची पिचकारी उडते, आणि बंदूक धरणाऱ्याच्या नाकावर पट्टी असते. संध्याकाळी दोरीवर रुमाल वाळत असतो. जाता-येता मामा त्याच्याकडे एक नजर टाकतो, आणि तो पांढरा आहे हे पाहून मगच शटर ओढतो.