सहलीच्या पंगतीतली जात

आमच्या ऑफिसात जात नाही, असं सांगणाऱ्यांनी एकदा स्टाफची सहल नीट पाहावी. बैठकीत सगळे जपून बोलतात. सहलीत डबे उघडले की जीभही सैल होते.

आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एका सामाजिक संस्थेत काम करतो. गेल्या हिवाळ्यात सगळा स्टाफ भिगवणला गेला होता. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले होते. आमच्यातला एक बौद्ध कार्यकर्ता आणि मराठा समाजातली एक सहकारी एकाच होडीत बसले. दोघं सज्ञान, एकाच हुद्द्यावरचे. त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत. कुणीतरी त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. जेवताना सरांनी हसत तिला विचारलं, "घरी माहीत आहे का गं?" मग त्याला म्हणाले, "तू जरा बेतानं." तिला काळजी, त्याला तंबी. संस्थेतल्या दुसऱ्या एका जोडप्याचं लग्न ठरलं, तेव्हा याच सरांनी पेढे वाटले होते. ती दोघं एकाच जातीची होती.

सोमवारी त्याच्या बदलीची भाषा सुरू झाली. कारण सांगितलं 'शिस्त'. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि तो हवाच. पण त्याचा गाभा बाईची इच्छा हा आहे. इथे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिची काहीच तक्रार नव्हती. आम्ही सात जणांनी अर्ज दिला: फोटो काढा आणि बदलीचं कारण लेखी द्या. फोटो निघाला. लेखी कारण आजवर आलेलं नाही, बदलीही झाली नाही. पण तोवर फोटो तिच्या गावात पोचला होता.

गावात पोचलेल्या गोष्टीचं काय होतं, हे आपल्याला खर्ड्यानं शिकवलंय. २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी पोराला मारलं गेलं. कारण काय, तर सवर्ण मुलीशी बोलतो हा संशय. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. फितुरीची सवय पंगतीतच लागते. त्या दिवशी जेवायला बसलेले कितीतरी जण नंतर म्हणाले, "आम्ही काही ऐकलं नाही."

बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ते भाषण होऊच दिलं नाही. तेही सुधारकच होते. म्हणून संस्थेच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे की नाही, एवढ्यावर तिची परीक्षा होत नाही. तिच्या दोन कर्मचाऱ्यांनी जातीबाहेर प्रेम केलं, तर ती कुणाच्या बाजूनं उभी राहते, ते पाहावं.

आपण काय करायचं? परवानगीशिवाय कुणाचा फोटो पुढे पाठवायचा नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली ३० दिवसांची नोटीस लागते. ते दिवस जोडप्याला एकटं सोडायचं नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. आपल्या जिल्ह्यात तो कुठे आहे, हे पोलीस अधीक्षकांना लेखी विचारायचं. आणि पंगतीत जे ऐकलं, ते ऐकलं म्हणून सांगायचं.

जय भीम!